मॉडेल बोटीसाठी लवचीक शाफ्टचा संच : केबल उत्तम, नळीची जबाबदारी आपली

रेडिओ नियंत्रणावर चालणाऱ्या वेगवान मॉडेल बोटीत मोटर आणि प्रोपेलर एकाच सरळ रेषेत बसवता येणे अवघड असते. मोटर हलच्या (बोटीच्या अंगाच्या) तळाशी, शक्य तितकी खाली आणि बोटीचा समतोल राखणाऱ्या जागी असावी लागते. प्रोपेलरचा आस मात्र ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीच्या) मागे, पाण्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर असावा लागतो. सरळ शाफ्ट घातला तर तो तिरका खाली उतरतो आणि प्रोपेलरच्या रेट्याचा काही भाग बोट पुढे ढकलण्याऐवजी तिचा मागचा भाग उचलण्यात जातो. मधला वाक सांभाळून शक्ती पोहोचवणारा लवचीक शाफ्ट ही अडचण दूर करतो. सुमारे ९० सेंटिमीटर लांबीच्या, खोल व्ही आकाराच्या तळाच्या बोटीत सहा सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीवर चालणाऱ्या ब्रशलेस मोटरला जोडण्यासाठी मी ४.७६ मिलिमीटर जाडीच्या केबलचा तयार संच घेतला. त्याची जोडणी आणि त्यानंतरचा वापर यांवरून हे परीक्षण लिहीत आहे. जवळजवळ हेच भाग असलेले संच निरनिराळ्या नावांनी विकले जातात, त्यामुळे वेष्टनावरील नावापेक्षा आतल्या एकेका भागाचा विचार करणे वाचकांना अधिक उपयोगी पडेल.

संचात पोलादी केबल, तिच्या मागच्या टोकाला आधीच बसवलेला पक्का स्टब शाफ्ट (प्रोपेलर धरणारा आखूड घन दांडा), पितळी नळी, त्या नळीच्या आत सरकवायचे टेफ्लॉनचे अस्तर, मोटरच्या आसाला जोडणारा कॉलेट पद्धतीचा (सर्व बाजूंनी आवळून धरणारा) कपलर, दोन बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो ती आखूड नळकांडी) असलेला, शाफ्टला मागे आधार देणारा ॲल्युमिनियमचा स्ट्रट, प्रोपेलरला शाफ्टबरोबर फिरवणारा ड्राइव्ह डॉग, थ्रस्ट वॉशर (रेटा पेलणारी चकती) आणि प्रोपेलरचा नट एवढे साहित्य मिळते. सोबत एक पानाचे माहितीपत्रक आहे. त्यात भागांची नावे आणि जोडणीचे एक चित्र आहे. मापे, अंतरे किंवा क्रम यांविषयी त्यात काहीही नाही. ज्याने आधी कधी असा शाफ्ट बसवलेला नाही त्याला हे पत्रक पुरेसे पडणार नाही, आणि या संचाविषयीची माझी पहिली तक्रार तीच आहे.

संचाचे खरे मोल केबलमध्ये आहे. बाहेरून ती एकसंध दोरीसारखी दिसते, परंतु तिची रचना एकावर एक गुंडाळलेल्या तारांच्या थरांची असते आणि प्रत्येक थराचा पीळ आधीच्या थराच्या उलट दिशेने असतो. फिरवणारा जोर आला की बाहेरचा थर आवळला जातो, त्याच वेळी आतला थर फुगू पाहतो आणि दोघे एकमेकांना घट्ट धरतात; त्यामुळे वाकवताना मऊ वाटणारी केबल पिळताना ताठ होते. दुचाकीच्या जुन्या स्पीडोमीटरची केबल याच तत्त्वावर चालत असे, फरक एवढाच की तिला काटा हलवण्यापुरताच भार पेलावा लागे. ही कल्पनाही बरीच जुनी आहे : ब्रिटिश अभियंता जेम्स नॅस्मिथ यांनी १८२९ मध्ये तारेच्या वेढ्यांचा लवचीक शाफ्ट योजल्याची नोंद त्यांच्या आत्मचरित्रात आहे.

बोटीत या केबलकडून जे काम घेतले जाते ते पाहिले तर तिच्या गुणवत्तेबाबत तडजोड का करू नये हे ध्यानात येईल. सहा सेलची बॅटरी २२.२ व्होल्ट देते. प्रत्येक व्होल्टमागे १५०० फेरे फिरणारी मोटर असेल तर भाराविना तिचा वेग मिनिटाला ३३,३०० फेऱ्यांपर्यंत जातो. पाण्यातील भारामुळे तो ३०,००० वर आला आणि मोटर एक किलोवॉट शक्ती देत असली, तर शाफ्टवरील पीळ सुमारे ०.३२ न्यूटन-मीटर इतकाच भरतो. स्थिर गतीत ४.७६ मिलिमीटरच्या केबलला हा भार मुळीच जड नाही. परंतु अर्धा प्रोपेलर पाण्याबाहेर ठेवून धावणारी बोट लाटेवरून उसळते तेव्हा प्रोपेलर क्षणभर मोकळा फिरतो आणि पुन्हा पाण्यात शिरताच त्याला एकदम अटकाव होतो. हा धक्का स्थिर भाराच्या कितीतरी पट असू शकतो, आणि केबल तुटते ती बहुधा अशाच धक्क्यांनी, त्यातही जोडाच्या जवळ. या संचातील केबलचे वेढे सर्वत्र सारखे बसलेले आहेत, कोठेही तार वर आलेली नाही आणि सपाट काचेवर लोळवली असता ती न डगमगता लोळते. शेवटची चाचणी मला फार महत्त्वाची वाटते, कारण मुळातच वाकडी असलेली केबल नळीत प्रत्येक फेऱ्याला भिंतीवर आपटते.

केबल घेताना पिळाची दिशा तपासणे अत्यावश्यक आहे. वेष्टनावर काहीही लिहिलेले असले तरी स्टब शाफ्टचे टोक पक्कडीत स्थिर धरावे आणि मोटरकडचे टोक, मोटर ज्या दिशेला फिरणार आहे त्याच दिशेला हाताने पिळावे. बाहेरच्या तारा आवळल्या तर केबल योग्य आहे. त्या सैल होऊन फुगू लागल्या तर ती केबल त्या बोटीत बसवू नये. ब्रशलेस मोटरच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोनांची अदलाबदल केली की मोटरची दिशा बदलते, त्यामुळे केबल उलट आहे असे दिसल्यास मोटरची दिशा बदलण्याचा मोह होतो. तो मार्ग चालतो, मात्र मग प्रोपेलरही विरुद्ध हाताचा घ्यावा लागतो आणि उजवीकडे-डावीकडे वळताना बोटीचा कलही बदलतो, एवढे लक्षात ठेवावे.

स्टब शाफ्ट केबलला दाबून बसवलेला आहे, डाख देऊन नव्हे. मला ही पद्धत पसंत आहे. पोलादी तारांना त्यांचा स्प्रिंगसारखा ताठरपणा त्या बनवतानाच्या प्रक्रियेतून मिळालेला असतो आणि चांदीच्या कडक डाखासाठी लागणारे सहाशे अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान तो ताठरपणा जोडाच्या आसपास घालवून टाकते. अशी केबल पुढे नेमकी त्या मऊ पडलेल्या जागी तुटते. जुना स्टब शाफ्ट नव्या केबलला स्वतः जोडायचा असेल तर २२१ अंशाला वितळणारा कथील-चांदीचा मऊ डाख वापरावा. तो या कामाला पुरेसा मजबूत असतो आणि केबलचा गुण बिघडवत नाही. आम्लयुक्त फ्लक्स वापरला असल्यास जोड नीट धुवून, सुकवून लगेच ग्रीस लावावे, अन्यथा वेढ्यांत उरलेले आम्ल आतून गंज चढवते.

केबल लांबीला जास्तच असते, ती कापावी लागते. पक्कडीने किंवा कातरीने कापल्यास टोकाच्या तारा चिरडून उलगडतात. कापायच्या जागी थोडा मऊ डाख झिरपू द्यावा, तो गार झाला की पातळ कटिंग डिस्कने मधोमध कापावे आणि टोकाची कडा कानशीने किंचित गोल करावी. कापण्यापूर्वी कपलर, नळी, स्ट्रट आणि ड्राइव्ह डॉग सगळे जागच्या जागी तात्पुरते लावून लांबी ठरवावी. कागदावर काढलेल्या मापावर भिस्त ठेवू नये, कारण नळीचा वाक जसा बदलतो तशी लांबीही बदलते.

आता नळीविषयी. या संचातील सर्वात कमजोर भाग हाच आहे. ती आधीच वाकवून दिलेली असते आणि हा वाक कोणत्यातरी एका हलसाठी ठरवलेला असावा, कारण तो माझ्या बोटीच्या तळाशी जुळणारा नव्हता. त्याहून गंभीर बाब अशी की वाकाच्या आतल्या बाजूला नळी किंचित चपटी झाली होती. डोळ्यांना ते जेमतेम दिसते, पण टेफ्लॉनचे अस्तर सरकवताना तेथे अडखळते आणि केबल घालून बोटांनी फिरवली की प्रत्येक फेऱ्याला त्याच ठिकाणी हलका अटकाव जाणवतो. मिनिटाला तीस हजार फेऱ्यांच्या वेगाने हा हलका अटकाव उष्णतेत आणि वाया गेलेल्या विजेत बदलतो. मी ती नळी वापरली नाही. त्याच मापाची सरळ पितळी नळी घेऊन ती नव्याने वाकवली.

पितळी नळी वाकवण्यात काही गुंतागुंत नाही, फक्त घाई करू नये. गॅसच्या बर्नरवर नळी मंद लालसर दिसेपर्यंत सारखी तापवून गार होऊ दिली की पितळ मऊ पडते. अंधाऱ्या जागी हा रंग ओळखणे सोपे जाते. भर उजेडात तो दिसेपर्यंत नळी गरजेपेक्षा जास्त तापलेली असते. त्यानंतर एक टोक बंद करून आत कोरडी बारीक वाळू ठोकून भरावी, दुसरे टोकही बंद करावे आणि मोठ्या गोलाईच्या वस्तूवर थोडे थोडे वाकवत जावे. वाक जितका लांब पसरलेला तितका चांगला. एकाच ठिकाणी झटक्याने दिलेला कोन केबलला सतत उलटसुलट वाकवत राहतो आणि तिचे आयुष्य कमी करतो. मोटर खाली आणि स्ट्रटही खाली असल्यास नळीला इंग्रजी एस अक्षरासारखे दोन वाक द्यावे लागतात. तेही दोन्ही सौम्य असतील तर बिघडत नाही. वाकवून झाल्यावर वाळूचा शेवटचा कणही राहू नये म्हणून नळी पाण्याने धुवून, आतून कापडाची वात ओढून स्वच्छ करावी.

टेफ्लॉनचे अस्तर चांगल्या प्रतीचे आहे. केबलच्या भोवती त्यात किंचित मोकळीक आहे आणि तेवढी असायलाच हवी. तापल्यावर टेफ्लॉन पितळेपेक्षा बरेच अधिक प्रसरण पावते, म्हणून अस्तर नळीच्या दोन्ही टोकांशी तंतोतंत कापू नये. पुढच्या बाजूला ते चार-पाच मिलिमीटर बाहेर राहू द्यावे, पण कपलरला लागणार नाही हे पाहावे. टेफ्लॉनला कोणताही नेहमीचा गोंद धरत नाही, त्यामुळे ते चिकटवण्याचा खटाटोप व्यर्थ आहे.

नळी हलमध्ये बसवण्याचा क्रम असा ठेवला तर काम नीट होते. आधी स्ट्रट ट्रान्समवर पक्का करावा, त्याचा आस तळाच्या धावत्या पृष्ठभागाला समांतर ठेवावा आणि खालीवर सरकवण्याची सोय दोन्ही बाजूंनी शिल्लक राहील अशा मधल्या उंचीवर तो धरावा. मग मोटर तिच्या माउंटवर बसवून केबल, अस्तर आणि नळी एकत्र घालावीत. या स्थितीत नळीला आपण कोठेही ओढून किंवा दाबून बसवू नये. केबल दोन्ही टोकांना मोकळी असताना नळी जेथे विसावते तीच तिची योग्य जागा, आणि हलमधील खाच त्यानुसार कानशीने मोठी करावी. नळीचा बाहेरचा पृष्ठभाग जाड पॉलिश पेपरने खरवडून, ॲसिटोनने पुसून, प्रथम लवकर सुकणाऱ्या इपॉक्सीचे दोन-तीन ठिपके द्यावेत. केबल बोटांनी फिरवून ती पूर्ण फेऱ्यात सारखीच हलकी फिरते याची खात्री झाली की मगच हळू सुकणारे इपॉक्सी भरावे. नळीच्या मधल्या भागाला तळाशी एक लाकडी आधार चिकटवणे मी आवश्यक मानतो, कारण आधाराविना राहिलेली नळी वेगात थरथरते आणि ती थरथर हलच्या सांध्यापर्यंत पोहोचून तेथे चीर पाडते. नळीचे आतले तोंड, बोट स्थिर असतानाच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर येईल असे पाहावे. ते खाली राहिले तर नळीतून पाणी आत येण्यापासून अडवणारे ग्रीसशिवाय काहीच उरत नाही.

कपलरबाबत मी समाधानी आहे. स्वस्त संचांमध्ये ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूने) थेट केबलवर दाब देणारा कपलर असतो. त्या स्क्रूचे टोक तारांत रुतते, काही तारा तुटतात आणि शिवाय केबल आसाच्या मध्यातून एका बाजूला सरकते. कॉलेट चारही बाजूंनी सारखे आवळते, म्हणून केबल मध्यावर राहते. तो आवळताना दोन पाने लागतात, एकाने कपलरचे अंग धरायचे आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. मोटरचा आस हाताने धरून आवळल्यास पकड अपुरी राहते. मोटरकडच्या बाजूला मात्र ग्रब स्क्रूच आहेत. त्यांच्यासाठी मोटरच्या आसावर छोटा सपाट भाग घासून घ्यावा आणि आटे धरून ठेवणारा मध्यम ताकदीचा द्रव लावावा. संचातील ग्रब स्क्रू मऊ धातूचे आहेत, ॲलन कीने जरा जोर लावला तर त्यांची खाच गोल होते. चांगल्या प्रतीचे कडक पोलादी स्क्रू वेगळे घेऊन तेच बसवणे योग्य ठरेल. कपलर आणि नळी यांच्यामध्ये उघडी राहणारी केबल जितकी कमी तितकी बरी, कारण आधार नसलेला हा तुकडाच वेगात बाहेर फेकला जातो. कॉलेटचा पाना फिरवण्यापुरती जागा ठेवून बाकी सगळी केबल नळीच्या आत राहावी.

स्ट्रटचे बुश नीट छिद्रलेले आहेत, स्टब शाफ्ट त्यांत न खडखडता फिरतो. ड्राइव्ह डॉगसाठी स्टब शाफ्टवर सपाट भाग कारखान्यातूनच घासून आलेला आहे, ही सोय आवडली. त्या जोडणीत एक अंतर अतिशय महत्त्वाचे आहे आणि माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नाही : ड्राइव्ह डॉगपुढील थ्रस्ट वॉशर आणि स्ट्रटचे तोंड यांच्यामध्ये सुमारे तीन मिलिमीटर जागा सोडावी लागते. भार आल्यावर पीळ घट्ट होऊन केबल किंचित आखडते; ही जागा नसेल तर ड्राइव्ह डॉग स्ट्रटवर दाबला जातो, तेथे घर्षण वाढते आणि आखडणारी केबल मोटरच्या आसाला मागे खेचत राहते. मोटरची बेअरिंगे अकारण खराब होण्यामागे हे कारण असू शकते, आणि ते टाळायला दोन मिनिटेही लागत नाहीत. ६.३५ मिलिमीटरची जाड केबल असेल तर हे अंतर त्या प्रमाणात अधिक ठेवावे.

पाण्यात उतरवण्यापूर्वी प्रोपेलर काढून टेबलावर एक चाचणी करावी. प्रोपेलरची पाती धारदार असतात, म्हणून ती काढण्यात हयगय नको. कपलर सुटा ठेवून अगदी कमी वेगात मोटर किती विद्युत प्रवाह घेते ते मीटरवर पाहावे, मग शाफ्ट जोडून त्याच वेगात पुन्हा पाहावे. वाढ थोडी असेल तर जोडणी चांगली आहे. वाढ मोठी असेल, किंवा काही क्षणांतच नळीला हात लावल्यावर एका जागी ऊब जाणवत असेल, तर तेथे केबल घासते आहे. ही चाचणी थोडकीच करावी, कारण पाण्याविना बुश लवकर तापतात. कमी वेगात येणाऱ्या खडखडाटाने मात्र घाबरू नये. भाराविना केबल नळीत सैल नाचते, तिचा तो आवाज असतो. भार येताच केबल ताठ होते आणि आवाज पुष्कळ कमी होतो. नव्याने वाकवलेल्या नळीसह या संचाचे पाण्यातील वर्तन मला निर्दोष आढळले : कंप जाणवला नाही, वळणावर वेग धरताना कपलर घसरला नाही आणि बोट बाहेर काढल्यावर नळी सर्वत्र सारखीच गार होती.

लवचीक शाफ्टची किंमत वेळेच्या रूपाने चुकवावी लागते, हे नव्याने या छंदात येणाऱ्यांना स्पष्ट सांगायला हवे. बोट चालवण्याचा दिवस संपला की केबल बाहेर काढून पुसावी लागते, नळीतून कोरडे कापड फिरवावे लागते आणि पाण्याला दाद न देणारे मरीन ग्रीस पातळ थराने पुन्हा लावावे लागते. केबल ओली राहिली तर वेढ्यांच्या आतून गंजते आणि तो गंज बाहेर दिसेपर्यंत तिची ताकद गेलेली असते. खाऱ्या पाण्यात हे आणखी झपाट्याने घडते. पुसताना कापडात एखादे तारेचे टोक अडकले तर ती केबल त्याच दिवशी बाद करावी. ज्यांना एवढी देखभाल नको असेल आणि ज्यांची बोट संथ चालणारी, ओढबोटीसारखी असेल, त्यांनी युनिव्हर्सल जॉइंट लावलेला सरळ घन शाफ्टच वापरावा. त्यांना या संचातून काहीही जास्त मिळणार नाही. हलक्या शर्यतीच्या बोटींत काहीजण केबलऐवजी पियानो वायर वापरतात. तिचे घर्षण केबलपेक्षा कमी असते, परंतु धक्क्याला ती तितकी टिकत नाही, आणि माझ्या बोटीच्या वजनाला मी ती सुचवणार नाही.

हा संच घेणाऱ्यांनी त्यासोबत त्याच मापाची सरळ पितळी नळी, कडक ग्रब स्क्रू आणि स्टब शाफ्टसह एक जादा केबल एकाच वेळी मागवावी. पहिल्या केबलची लांबी पक्की झाली की दुसरीही लगेच त्याच मापाने कापून, ग्रीस लावून, सरळ नळीत किंवा मोठ्या वेढ्यात ठेवावी. घट्ट गुंडाळून ठेवलेली केबल तोच वाक धरून बसते आणि मग ती काचेवरची चाचणी उत्तीर्ण होत नाही.